मांडीवरचं पोर

“...आणि हात काय म्हणतात तुझे?” कोंडाक्कानं विचारलं.

हेरंब तासगावकर बोलता बोलता थांबला. पेपरवाले काय म्हणतात ते त्यानं सांगून झालं होतं. मोठमोठ्या बंगल्यांत त्याची चित्रं कुठं कुठं लागली तेही झालं होतं. हातांचं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

“हात? हात माझं ऐकतात.”

“सगळं?”

“सगळं. डोळे मिटून माणसाचं तोंड काढीन. म्हणून तर कंटाळा आला, आक्का. ब्रश आपोआप चालतो. मला येत नाही असं काहीतरी शिकायचंय. लाकडी ठसा कोरायला शिकायचंय.”

आक्का हसली. तोंडात दात थोडे, हसू मात्र तोंडभर.

“लाकूड ऐकत न्हाई बाबा कुणाचं.”

“ऐकायला लावीन.”

आक्कानं मान हलवली. हो म्हणाली की नाही म्हणाली, ते त्याला कळलं नाही. त्यानं हो धरलं. टाळ्यांची सवय झालेला माणूस हलणारी मान नेहमी होच धरतो.

कोंडाक्का पिंपरशेतच्या टेकडीवर मठीत राहायची. नवऱ्यानं टाकल्यावर जीव द्यायला वर गेली होती, तिथल्या गोसाव्यानं हातात कोरणी दिली. म्हणाला, आधी हे फळकुट कोर, मग खुशाल जा. ते फळकुट काही संपलं नाही. गोसावी गेला, बाई राहिली.

तिचं काम एकच. श्रावणाच्या तोंडावर जिवतीचे कागद छापायचे. आमच्याकडे जिवती म्हणजे पोरांची राखणदार. भोवती पोरं, मांडीवर एक तान्हं. आवसेला कागद भिंतीवर लावायचा, श्रावणातल्या शुक्रवारी पुजायचा. गावातलं घरन् घर आक्काचा कागद लावायचं. बाजारातला रंगीत कागद कुणी आणला तरी तो पेटीत पडायचा.

आता आक्काला दिसत नव्हतं. उजेड कुठला आणि अंधार कुठला, एवढंच कळायचं. बाकीचं बोटांना.

म्हणून मठीत एक रीत होती. कोरून झालेल्या ठशाला पहिला हात आक्काचा. शाईच्या आधी.

हेरंब राहिला. झाडलोट केली, पाणी भरलं. वाटलं होतं त्यापेक्षा बरा निघाला. आक्कानं त्याला एक फळी दिली.

“रेघ काढ.”

त्यानं कोरणीनं एक सुंदर खाच पाडली.

आक्कानं बोट फिरवलं. “ही तर चर झाली. शाई लागायची न्हाई हितं. कागदावर पांढरंच उठंल.”

“मग?”

“रेघ कोरायची न्हाई. रेघ सोडायची. बाकीचं कोरायचं.”

त्यानं आयुष्यभर रेघ घातली होती. आता ती सोडायची होती. पहिल्या दिवसांत त्याच्या सगळ्या रेघा मोडल्या. चिडायचा. फळी आपटायचा. आक्का ऐकायची आणि म्हणायची, “आपट, आपट. लाकडाला लागत न्हाई.”

मग एकदा जमलं. केसाएवढी रेघ उभी राहिली. त्यानं काजळीची शाई लावली, कागद ठेवला, वाटीच्या पाठीनं घासला आणि उचलला. रेघ कागदावर आली होती. पोरासारखा नाचला तो. खरंच नाचला. त्या दिवशी तो आवडावा असा होता.

दुसऱ्या दिवशी म्हणाला, “आक्का, यंदाची जिवती मी कोरतो.”

आक्का शाई घोटत राहिली.

“तुमचा जुना ठसा झिजलाय. नाकडोळे नीट उठत नाहीत. मी नवीन कोरतो. असा, की लोक बघत राहतील.”

“लोक न्हाई बघत रं तिला. बायका बघत्यात. पोर तिच्यावर टाकून झोपत्यात.”

“माहीत आहे मला.”

“काय म्हाईत हाय?”

“जिवतीचं चित्र. कितीतरी जुनी चित्रं पाहिलीत मी.”

आक्कानं जुन्या ठशावरून एकदा बोट फिरवलं...

“कोर,” म्हणाली.

त्यानं शिसवाची फळी घेतली आणि जीव ओतून कोरली. देवीचे केस कोरले, नथ कोरली, पदराची किनार कोरली. भोवतीची पोरं कोरली, एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर. मांडीवरचं तान्हं शेवटी ठेवलं. गोड घास शेवटी ठेवतात तसं.

आवस उद्यावर आली होती. तान्ह्याचं कपाळ कोरताना कोरणी सटकली.

डोकं उडालं.

त्यानं फुंकर मारली. वाटलं, भुसा असेल. भुसा नव्हता. डोकंच नव्हतं. त्यानं खांद्याच्या लाकडातून डोकं साधायला पाहिलं, तर खांदा तुटला. खांदा सावरताना हात गेला. शेवटी देवीच्या मांडीवर खळगा तेवढा राहिला.

बाहेरून आक्काचा आवाज आला. “झालं का रं? आणू का हात?”

हेरंबनं ठशाकडं पाहिलं. दाराकडं पाहिलं.

“शाई लावलीय आक्का. ओला आहे.”

“...आधी हात लावायचा हुता.”

“घाईत राहिलं.”

“बरं,” आक्का म्हणाली.

एवढासा शब्द. त्याला तो सकाळभर टोचला. मग टोचायचा थांबला. टोचणी थांबते, हेच तर वाईट आहे तिचं.

त्यानं शाई लावली, कागद काढले. प्रत्येक कागदावर देवीची मांडी पांढरी. मग त्यानं आपल्या पिशवीतून ब्रश काढला. रंगाची डबी काढली. पाण्यात कालवायचा काळा रंग. आणि कागदाकागदावर पोर काढलं.

काय पोर काढलं! हात त्याचं ऐकत होता ना. एकाच्या गालाला खळी, एकाची मूठ तोंडात, एक रडायच्या बेतात. ठशातून कधी आलं नसतं असं. काढता काढता त्याला वाटायला लागलं, बरंच झालं की. हे जास्त चांगलं आहे. मन असंच असतं. आधी खोटं लपवतं, मग त्याला दागिने घालतं.

आवसेला बायका वर आल्या. मूठमूठ धान्य मठीत टाकलं आणि कागद घेतले.

धुरपदाकाकूनं कागद उजेडाला धरला. तोंडाची फटकळ बाई. तिनं चांगलं म्हटलं तर सणच म्हणायचा.

“आगं बया! ह्ये तान्हं बघा गं. आत्ता भोकाड पसरंल. चितारीबुवा, तुमी कोरलं?”

“हो.”

बाजूला बसलेल्या आक्कानं तोंड वळवलं. “मांडीवरचं बी?”

“हो आक्का. मांडीवरचं पण.”

कौशी सगळ्यांत शेवटी आली. कडेवर पोर. कितीतरी नवसांनी, लग्नाला वर्षं लोटल्यावर झालेलं. तिनं कागद पोराच्या कपाळाला टेकवला, मग आपल्या.

“कसं हसतंय बघा तुमच्याकडं,” ती कडेवरचं पोर पुढं करत हेरंबला म्हणाली.

“हो ना,” तो म्हणाला. “त्याची खळी बघा.” आणि कागदावर बोट ठेवलं.

कौशी हसली. तिला वाटलं, चेष्टा केली.

आता पिंपरशेतची रीत सांगायला हवी. दुसरीकडं जिवतीला फूल वाहतात, हळदकुंकू चिमटीनं टाकतात. पिंपरशेतला तसं नाही. ओल्या हळदीचं बोट आधी मांडीवरच्या तान्ह्याच्या कपाळाला. मग देवीला, मग घरच्या पोरांना. हेरंबला हे माहीत नव्हतं. त्यानं विचारलं नव्हतं. त्याला चित्र माहीत होतं.

शुक्रवार झाला. शनिवारी दिवस उगवताना बायका टेकडी चढून आल्या. हातात कागद. आदल्या खेपेला हसत आल्या होत्या. आता कुणी बोलत नव्हतं.

धुरपदाकाकूनं कागद हेरंबसमोर धरला. देवी तशीच. नथ तशीच. मांडीवर काळापिवळा चिखल.

“ह्ये काय झालं?”

“हळदीचं बोट लावलं आन् तान्हं गेलं,” एक म्हणाली.

“माझ्या बी.”

“गावात एकीचं ऱ्हायलं न्हाई. सासूबाईंनी हातरूण धरलं माझ्या.”

“बोला की, चितारीबुवा. तवा तर लई बोलत हुता.”

हेरंब म्हणाला, “शाई... शाई कच्ची राहिली असेल.”

तोंडातून गेलं आणि मग त्याला कळलं आपण काय म्हणालो. शाई आक्का घोटायची. काजळी आणि जवसाचं तेल. गोसाव्याच्या वेळेपासून तीच शाई. डोळे गेले तरी खलबत्ता तिनं कुणाला दिला नव्हता.

सगळ्या बायका आक्काकडं वळल्या.

“आक्का, शाई तूच घोटलीस नव्हं?”

“मीच.”

“दिसत न्हाई तर कशाला घोटत बसतीस गं? कुणाला सांगायचं हुतंस.”

“म्हातारपणी हट्ट लई. पोराबाळांच्या देवीशी खेळ व्हय हा?”

आक्का मांडी घालून बसली होती. तिनं हात गुडघ्यावर ठेवले.

“आसंल,” ती म्हणाली. “शाई चुकली आसंल माझी.”

हेरंबच्या घशाशी आलं. नाही, आक्काची नाही. अगदी ओठापर्यंत आलं... आणि परत खाली गेलं. तो उभा राहिला. एवढा धिप्पाड गडी, आंधळ्या म्हातारीच्या मागं उभा राहिला.

कौशी मागं होती. आता पुढं आली. कडेवर पोर नव्हतं.

“आक्का, एक सांगा,” ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. “शाई चुकली तर समदी जिवती जायला पायजे. देवीच्या तोंडाला मी हळद लावली, ते गेलं न्हाई. भवतीची पोरं हायती. एकटं मांडीवरचंच का गेलं?”

तिनं कागद सगळ्यांसमोरून फिरवला.

“मी सांगते. जिवतीनं खाली ठेवलं त्याला.”

“कौशे, आसं बोलू नगं,” धुरपदाकाकू म्हणाली.

“माझ्या बोटाला आलं ते, काकू. काळं. तेवढ्यात घरातनं सासू वरडली, पोर तापलंय. तेवढ्यातच.” ती बोटाकडं पाहत होती. “मी त्याला तवापासनं घेतलं न्हाई. पाजलं न्हाई. लई रडलं. आता रडत बी न्हाई.”

“आगं भवाने! दवाखान्यात न्यायचं हुतंस!”

“नेऊन काय करू? देवीनंच टाकलं तर मी कुठवर धरू?”

आक्का उठली. भिंतीला हात लावून उठली. आवाजाच्या अंदाजानं कौशीकडं तोंड केलं.

“कौशे, देवी टाकत न्हाई.”

“मग कुणी टाकलं?”

आक्कानं तोंड उघडलं आणि मिटलं. तिला सांगता येत नव्हतं. जे सांगायचं ते तिचं नव्हतं...

कौशी जायला वळली.

“थांबा,” हेरंब म्हणाला.

तो आत गेला. ठसा घेऊन आला. त्यानं तो कौशीच्या हातात दिला.

“मांडीवर हात लावा.”

कौशीनं हात लावला नाही. नुसती पाहत राहिली.

“लावा. पोर नाहीच तिथं. लाकडात नाहीच. माझ्याकडून कोरणी सटकली आणि गेलं. तुम्ही कागदावर पाहिलं ते मी ब्रशनं काढलं होतं. पाण्याच्या रंगानं. पाणी लागलं, गेलं. आक्काची शाई चांगली आहे. देवीनं काही केलं नाही. मी... मी लपवलं.”

कौशीचं बोट खळग्यात गेलं. ती ते तिथं फिरवत राहिली. खळग्याला तळ आहे का बघावं, तशी.

“म्हंजे तिनं टाकलं न्हाई?”

“नाही.”

“तुमी टाकलं.”

“हो.”

“आन् आत्ता आक्काला बोलत्यात, ते ऐकत हुता?”

“हो.”

कौशीनं ठसा आधी नीट खाली ठेवला. देवी होती ना ती. मग हेरंबच्या कानाखाली अशी वाजवली की झाडावरचे होले उडाले.

“मुडद्या! माझं पोर उपाशी हाय!”

आणि ती पळाली. टेकडीच्या उतारावरून पदर सुटलेला, पाय अनवाणी. वहाणा मठीच्या दारात तशाच राहिल्या.

हेरंब गालाला हात न लावता उभा होता.

“तोंडाला काळं फासा मेल्याच्या,” मागून एक म्हणाली.

“फासायला कशाला पायजे? शाई हाय की हितंच,” दुसरी म्हणाली. कुणी हसलं नाही.

धुरपदाकाकू त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. त्याच्या खांद्याला लागत होती जेमतेम.

“किती शिकलास रं तू?”

तो जमिनीवरच्या ठशाकडं पाहत राहिला.

“लईच शिकलेला दिसतोस. शिकल्याबिगर आसं जमत न्हाई.”

मग ती आक्काकडं गेली, वाकली, पाय धरले. “आक्का, जीभ झडली माझी.”

“ऱ्हाऊ दे गं. जावा समद्या. कौशीकडं जावा आधी. तिच्या मालकाला हाळी द्या, पोर दवाखान्यात नेऊ द्या.”

बायका उतरल्या. अर्ध्या वाटेवरून धुरपदाकाकूचा आवाज वर आला, “पुढल्या शुक्कारच्या आत कागद पायजेत! आन् ठसा आक्काच्या हाताखालनं जाऊ दे!”

मठीत दोघंच राहिली.

हेरंब खाली बसला. पिशवी ओढून घेतली, कपडे कोंबायला लागला.

“जातो मी, आक्का.”

“ठसा आण.”

“आक्का, मला...”

“ठसा आण म्हनलं.”

त्यानं आणला. आक्कानं तो मांडीवर घेतला. हात लुगड्याला पुसले. मग बोटं लाकडावर ठेवली. आठवडाभर राहून गेलेली रीत आता चालली होती. केसांवरून बोटं गेली, नथीशी थांबली, किनारीवरून सावकाश सरकली.

“किनार बरी सोडलीस.”

हेरंबनं मान खाली घातली. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या.

बोटं मांडीशी आली. थांबली.

“हितं.”

“हो.”

“कोरणी कुठनं सटकली?”

“उजवीकडून. लाकडात गाठ लागली.”

“गाठ हुती व्हय...” आक्का हळहळली. खरोखर हळहळली. “मग तुझी एकट्याची चूक न्हाई ती. गाठीला कुणाची बी सटकती. मला सांगायचं हुतंस. भोक पाडायचं, लाकडाची खुटी ठोकायची, घासून एकजीव करायची. आन् त्या खुटीवर पोर परत कोरायचं.”

हेरंबनं वर पाहिलं. “असं करता येतं?”

“माझा जुना ठसा घे. हात लाव त्याला.”

त्यानं भिंतीशी उभा असलेला जुना ठसा घेतला. रोज फडक्यानं पुसायचा तो. पुसताना म्हणायचा, केवढा सफाईदार हात. आता डोळे मिटले आणि बोट फिरवलं. देवीच्या गालावर बारीकशी गोल कड लागली. खुटी. एका पोराच्या पायात खुटी. पाळण्याच्या दोरीत खुटी. हाताच्या बोटांत एकीला लागून एक.

तो रडायला लागला. आवाज न करता.

“एवढंच होतं?” तो म्हणाला. “एवढंच सांगायचं होतं?”

आक्कानं मांडीवरचा ठसा खाली ठेवला.

“तुम्हाला माहीत होतं का, आक्का? मी म्हणालो शाई लावलीय, तेव्हा?”

“शाईला वास येतो रं. तवा आला न्हाई.”

हेरंबचा हात ठशावर तसाच राहिला.

“मग... मग तुम्ही गप्प का राहिलात?”

“वाटलं, येशील. आत्ता येशील. कागद वाटायच्या आधी येशील.” आक्कानं कपाळ चोळलं. “पोर काढलंस ते मला ठाव न्हवतं. बायका पोराचं बोलल्या, तवा म्हनलं, असंल लाकडात. नुसतं कुठंतरी बिघडलं असंल, लाजत असंल. तुला वेळ दिला. दुसऱ्याच्या जिवावर दिला. ते माझं चुकलं. कौशीला मी तोंड दाखवीन, तवा तेवढं सांगीन.”

“तुमचं काही नाही, आक्का. सगळं माझं आहे.”

“समदं तुझंच कसं? थोडं मला बी ठेव की.”

बाहेर होले परत झाडावर आले होते. खाली गावात कुणीतरी हाका मारत होतं. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला, मग तो दूर दूर जात राहिला. आक्कानं मान तिकडं वळवली आणि आवाज विरेपर्यंत ऐकत राहिली.

“लाज वाटते, आक्का,” हेरंब म्हणाला.

“किती?”

“जमीन दुभंगावी आणि आत जावं, इतकी. मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. मी इतका खाली जाईन असं मला कधी वाटलं नव्हतं. मी स्वतःला काय समजत होतो... आणि मी काय निघालो. आंधळ्या बाईशी खोटं बोललो मी. वर तिच्यावरच ढकललं. मी चित्रकार म्हणवतो स्वतःला. आजपासून ब्रशला हात लावणार नाही. माझी ती लायकीच नाही. मी...”

तो बराच वेळ बोलला. खोटं बोलत नव्हता. प्रत्येक शब्द खरा होता आणि प्रत्येक शब्दाबरोबर मान आणखी खाली जात होती.

आक्कानं सगळं ऐकून घेतलं. मधे तोडलं नाही.

तो थांबला तेव्हा ती म्हणाली, “कौशीच्या पोराचं नाव काय रं?”

हेरंबनं तोंड उघडलं.

...

गावातल्या शेंबड्या पोरालाही ते नाव ठाऊक होतं. बारशाला सगळ्या गावानं घुगऱ्या खाल्ल्या होत्या. नाव आठवावं म्हणून तो तोंड आठवायला गेला. पोर कौशीच्या कडेवर होतं, त्याच्यासमोर होतं, हातभर अंतरावर. त्याला कागदावरची खळी आठवली. पोराचं तोंड आठवेना.

“...माहीत नाही.”

“इचारून ये.”

“आत्ता?”

“मग कवा? दवाखान्यातनं परत येतील, तवा दारात हजर ऱ्हा. नाव इचार. ताप उतरला का इचार. लाजायला मागनं बस, लाजेला कुठं घाई हाय.”

हेरंब उठला. दारापर्यंत गेला. उंबऱ्याशी कौशीच्या वहाणा पडल्या होत्या. त्यानं त्या उचलल्या, धूळ झटकली. तिथंच घुटमळला.

“आक्का, ती मला दारात उभं करायची नाही.”

आक्कानं खलबत्ता पुढं ओढला. काजळीची डबी चाचपून जवळ घेतली.

“मग रस्त्यावरनं इचार.”